एमएसच्या रुग्णासाठी काठी, वॉकर की व्हीलचेअर? डोंगरावरच्या घरात साधन निवडताना या गोष्टी बघा

पाचगणी (ता. महाबळेश्वर) : मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. पाय जड होतात, तोल जातो, पायाचा पंजा लटकतो, अंग ताठ होतं आणि थोड्या कामानंही प्रचंड थकवा येतो. आजार बहुतेकदा २० ते ४० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, महिलांमध्ये जास्त दिसतो. म्हणजे ऐन कामाच्या वयात घरातल्या माणसाला आधाराची गरज पडते.

अशा वेळी बरीच कुटुंबं मेडिकलच्या दुकानातून मिळेल ती काठी किंवा व्हीलचेअर घेऊन येतात आणि ती महिन्याभरात कोपऱ्यात पडते. कारण एमएसचा रुग्ण दिवसभर सारखा नसतो. सकाळी दवाखान्यात दहा पावलं नीट चालणारा माणूस संध्याकाळी मोरीपर्यंत जाताना पडू शकतो. म्हणून साधन निवडताना एकच नियम धरा : दिवसातला सगळ्यात वाईट तास आणि घरातली सगळ्यात वाईट जागा बघून साधन घ्या.

आधी घर बघा

पाचगणी सुमारे ४,२०० फुटांवर आहे. इथं आणि भिलार, खिंगर, राजपुरी भागात अनेक घरं रस्त्याच्या वर किंवा खाली आहेत. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. म्हणून खरेदीच्या आधी टेप घेऊन एवढं मोजा :

- प्रत्येक दाराची मोकळी रुंदी (मोठ्यांची साधी व्हीलचेअर साधारण ६० ते ६५ सेंमी रुंद असते)
- उंबऱ्याची आणि पायऱ्यांची उंची
- कॉटची आणि संडासाच्या सीटची उंची
- मोरीत खुर्ची वळवायला जागा आहे का

काठी

एका पायात कमजोरी असेल, पण तोल बऱ्यापैकी असेल तर काठी पुरते. चप्पल-बूट घालून सरळ उभं राहा, हात खाली सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आणि काठी आधी. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला. ओल्या जांभ्यावर झिजलेलं रबर हमखास घसरतं. चार पायांची काठी सपाट फरशीवर चांगली, खडबडीत वाटेवर तिचे चारही पाय टेकत नाहीत.

वॉकर

बिनचाकी वॉकर पक्का असतो, पण तो पावलागणिक उचलावा लागतो. एमएसमध्ये थकवा हीच मोठी अडचण, त्यामुळं काहींना तोच जड जातो. चाकं, ब्रेक आणि बसायची सीट असलेला वॉकर घरात किंवा सपाट रस्त्यावर सोयीचा, दमलं की तिथंच बसता येतं. पण उतारावर तो पुढं पळतो. हाताला बधिरपणा असेल, ब्रेक नीट दाबता येत नसेल तर हा वॉकर घेऊन उतारावर जाऊ नका.

पंजा लटकून अंगठा अडकत असेल तर घोट्याला आधार देणारा एएफओ पट्टा फिजिओथेरपिस्टकडून मापानं बसवून घ्या. अशा रुग्णाचं पडणं कित्येकदा एवढ्यानं कमी होतं.

व्हीलचेअर

व्हीलचेअर घेतली की पाय कायमचे जातात, ही भीती घरोघरी असते. प्रत्यक्षात लांबच्या अंतराला खुर्ची वापरली तर वाचलेली ताकद घरात चालायला, व्यायामाला कामी येते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी खुर्चीवर बसूनच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे.

घेताना हे तपासा :

- बसल्यावर दोन्ही बाजूंना साधारण बोटभर जागा राहावी. फार रुंद खुर्चीत अंग एका बाजूला कलतं.
- सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं.
- हाताचा दांडा निघणारा आणि पाय ठेवायची पाटी बाजूला वळणारी हवी. हे नसेल तर कॉटवर सरकताच येत नाही.
- ब्रेक रुग्णाच्या स्वतःच्या हातानं लागले पाहिजेत.
- बराच वेळ बसायचं असेल तर चांगली गादी घ्या आणि दर अर्ध्या तासाच्या आत बूड हलवा, नाहीतर जखमा होतात.

उतारावरून खुर्ची खाली नेताना खुर्ची उलटी फिरवा. मदतनीसानं खालच्या बाजूला राहून हळूहळू मागं मागं उतरायचं. इलेक्ट्रिक खुर्ची घेताना ती किती चढ चढते हे कंपनीच्या माहितीत वाचा, पावसाळ्यात लाईट गेल्यावर चार्जिंगचं काय हेही ठरवा. ती जड असते, पायऱ्यांवरून उचलून नेणं अवघड.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे : १ फूट उंचीला १२ फूट लांबी. जागा नाही म्हणून उभा रॅम्प केला तर तो पायरीपेक्षा धोकादायक. त्यापेक्षा रुग्णाची खोली रस्त्याच्या पातळीवरच्या भागात आणणं बरं.

काखेत हात घालून उचलू नका

घरचे लोक रुग्णाला काखेत धरून ओढतात. त्यात रुग्णाचा खांदा आणि उचलणाऱ्याची कंबर दोन्ही जातात. बरोबर पद्धत अशी :

१. कॉट आणि खुर्चीची सीट एका उंचीवर आणा. कॉट बुटकी असेल तर पायांखाली पक्के लाकडी ठोकळे द्या.
२. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला तिरकी लावा, ब्रेक लावा, पायाची पाटी बाजूला करा.
३. रुग्णाच्या कमरेला ट्रान्सफर बेल्ट बांधा आणि बेल्ट धरून आधार द्या.
४. उभं राहता येत नसेल, पण बसून तोल राहत असेल तर गुळगुळीत ट्रान्सफर बोर्डवरून सरकवा.

अजिबात जोर नसेल तर झोळीची लिफ्ट लागते. तिचे पाय कॉटखाली शिरावे लागतात, त्यामुळं पेटीच्या दिवाणाला ती चालत नाही.

कढत पाण्यापासून सावध

थंडीत इथं कढत पाण्यानं अंघोळ करायची सवय आहे. एमएसमध्ये अंग तापलं की पायातली ताकद काही वेळासाठी कमी होते. बादलीवरून उठताना रुग्ण पडतो तो यामुळं. पाणी कोमट घ्या, प्लास्टिकच्या हलक्या स्टुलाऐवजी रबरी पायांची अंघोळीची खुर्ची वापरा आणि भिंतीत पक्का दांडा बसवा. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका.

सरकारी मदत

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्पष्ट उल्लेख आहे. यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात. आधी तपासणी आणि मापाचं शिबिर, नंतर वाटप होतं. माप देताना वर लिहिलेली घराची मापं सोबत न्या. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, त्यासाठीही लेखी अर्ज द्या. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची संस्था असून तिची पुण्यातही शाखा आहे.

आधी वापरून बघा, मग पैसे भरा

शक्य असेल तर साधन आठवडाभर भाड्यानं आणा आणि संध्याकाळी, दमलेल्या अवस्थेत, घरातल्या अवघड जागी वापरून बघा. दर सहा महिन्यांनी फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण आजार बदलतो तसं साधनही बदलावं लागतं. पायातली ताकद अचानक कमी होऊन २४ तासांत परत आली नाही, किंवा सोबत ताप अथवा लघवीला जळजळ असेल, तर नवीन साधन शोधत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.