आधी यंत्र ओळखा, मग पाना हाती घ्या

जूनमधले पहिले चार पाऊस झाले, की शहरातल्या सोसायट्यांच्या आवारातील हिरवळ बघता बघता घोट्यापर्यंत येते आणि पार्किंगच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली उन्हाळाभर पडून असलेल्या गवत कापायच्या यंत्राची सर्वांना आठवण होते. माळीबुवा दोरी ओढतात. एकदा, दोनदा, वीस वेळा. यंत्र हूं की चूं करीत नाही. मग दुरुस्ती करणाऱ्याला फोन जातो. त्याचा पहिलाच प्रश्न असतो, 'मॉडेल कुठले?' आणि त्याला उत्तर मिळते, 'लाल रंगाचे आहे.'

प्रस्तुत वार्ताहराच्या सोसायटीत याच उत्तराने साडेतीन हजार रुपये घालवले. यंत्राच्या झाकणावरचे नाव वाचून नवा कार्बोरेटर मागवण्यात आला. तो बसेना, कारण झाकणावरचे नाव यंत्र विकणाऱ्या कंपनीचे होते आणि आतले इंजिन दुसऱ्याच कंपनीचे. पुढे असेही निष्पन्न झाले, की जुना कार्बोरेटर बिघडलेला नव्हताच. तो फक्त साफ करायचा होता. न लागलेला तो भाग कार्यालयाच्या कपाटात अजून आहे.

हाताने ढकलत नेण्याच्या लॉनमोअरची दुरुस्ती फारशी अवघड नसते. अवघड असते ती ओळख. एकदा यंत्राचा प्रकार आणि इंजिनाचा क्रमांक हाती आला, की बहुतेक तक्रारींचे मूळ पेट्रोल, हवा किंवा ठिणगी या तिघांतच सापडते.

कात्री की कोयता?

या यंत्रांची मुळात दोन घराणी आहेत. पहिले घराणे कात्रीचे. आडव्या दंडगोलावर पिळदार पाती बसवलेली असतात आणि ती खालच्या स्थिर पात्यावर घासून गवत कातरतात. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरचे तंतू कातरून ते गुळगुळीत करणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. क्रिकेटच्या खेळपट्टीवर आणि गोल्फच्या हिरवळीवर आजही हेच घराणे राज्य करते, कारण त्याची कातरणी अधिक एकसारखी असते.

दुसरे घराणे कोयत्याचे. पत्र्याच्या घुमटाखाली एकच आडवे पाते मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते आणि गवत कातरण्याऐवजी फटक्याने उडवते. सिडनीच्या मर्व्हिन रिचर्डसन याने १९५२ मध्ये बनवलेल्या 'व्हिक्टा' यंत्राने हा प्रकार ऑस्ट्रेलियातील घरोघरी नेला. त्याच्या पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा बसवलेला होता. सोसायट्यांत आणि बंगल्यांत दिसणारी इंजिनवाली यंत्रे बहुतांशी याच प्रकारची असतात.

कात्रीच्या यंत्राची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पिळदार पाते आणि स्थिर पाते यांच्यामध्ये धरून दंडगोल सावकाश, बोटे दूर ठेवून, हाताने फिरवावा. कागद सर्व लांबीभर स्वच्छ कापला गेला तर पाती जुळलेली आहेत. एखाद्या ठिकाणी तो नुसताच दुमडला, तर तेथे अंतर पडले आहे. ते दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी थोडे थोडे कमी करावे. (आजच्या अंकाचा हा उपयोग संपादकांना कितपत रुचेल, ही शंका आहेच.)

विजेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी दोनच गोष्टी सांगतो. मोटर नुसती गुणगुणते पण पाते फिरत नाही, तर पाते अडकले आहे का ते प्लग काढून पाहावे. तसे नसेल तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. पण कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. ते काम वायरमनचेच. दुसरे म्हणजे, ओल्या गवतात आणि जोड दिलेल्या वायरवर हे यंत्र चालवू नये, आणि त्याचा सॉकेट ईएलसीबीच्या संरक्षणाखाली असावा.

क्रमांक कोठे असतो?

पेट्रोलच्या यंत्रावर दोन स्वतंत्र ओळखी असतात. यंत्राची पाटी सहसा मागच्या बाजूला, हँडल जेथे घुमटाला जोडलेले असते तेथे असते. पाते, चाके, केबल आणि गवताची पिशवी या पाटीवरून मागवायची. कार्बोरेटर, प्लग, फिल्टर, गॅस्केट मात्र इंजिनाच्या क्रमांकावरून. आमच्या सोसायटीची चूक नेमकी येथे झाली.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या इंजिनावर हा क्रमांक वरच्या पत्र्यावर ठोकलेला किंवा छापलेला असतो आणि त्याचे तीन गट असतात. मॉडेल, टाईप आणि कोड. मॉडेलच्या सुरुवातीचे आकडे इंजिनाचा आकार घन इंचांत सांगतात. ९ ने सुरू होणारे जुने इंजिन सुमारे १४८ सीसीचे, १२ ने सुरू होणारे सुमारे १९० सीसीचे. कोड म्हणजे इंजिनाची जन्मतारीखच. त्यातील पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. ०३०५१२ ने सुरू होणारा कोड असेल, तर इंजिन १२ मे २००३ रोजी तयार झाले. होंडाच्या इंजिनांत 'जीएक्सव्ही' मधील 'व्ही' हे अक्षर उभ्या शाफ्टचे निदर्शक आहे आणि 'जीएक्सव्ही १६०' हे १६३ सीसीचे इंजिन. त्याचा मालिका क्रमांक इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर कोरलेला असतो. तो वाचण्याआधी वर्षानुवर्षांचे तेलकट गवत रॉकेलच्या फडक्याने पुसावे लागते.

आणखी एक ओळख त्याहून महत्त्वाची. इंजिनावर पेट्रोलच्या झाकणाखेरीज ऑईलचे वेगळे झाकण वा मापाची दांडी दिसत नसेल, तर ते टू स्ट्रोक आहे. त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. प्रमाण टाकीजवळ लिहिलेले असते. नुसते पेट्रोल भरून ते चालवले तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.

नवे पाते घेताना जुन्याची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी मोजावी आणि मधल्या छिद्राचा आकारही टिपून घ्यावा. अठरा इंची पाती सगळी सारखी नसतात.

हात घालण्यापूर्वी

स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवल्याशिवाय घुमटाखाली हात घालू नये. ही सूचना सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेक जण पाळत नाहीत. बंद इंजिनाचे पाते हाताने अर्धा फेरा फिरवले, तरी प्लगला ठिणगी मिळून इंजिन क्षणभर पेटू शकते. बोटे गमावायला तो क्षण पुरतो.

यंत्र कलते करायचे असेल तर टाकीतील पेट्रोल आधी काढावे आणि कार्बोरेटर व एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असे कलते करावे. उलट कलते केल्यास ऑईल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरते. मग सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि इंजिन गेल्याची अफवा पसरते. ऑईल पातळीवर असेल तर तो धूर काही मिनिटांत आपोआप थांबतो.

सुरूच होत नाही

पावसाळ्याच्या तोंडावरच्या तक्रारींत पहिला आरोपी जुने पेट्रोल. महिनाभरात ते शिळे होऊ लागते, त्यातला हलका अंश उडून जातो आणि कार्बोरेटरच्या वाटीत डिंकासारखा थर उरतो. केसाएवढे बारीक जेट त्याने बुजते. यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पासून देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. अनेक जुन्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली आहे. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते. पाणी फार झाले की ते आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. वाटीत पांढरी भुकटी दिसली तर तो ॲल्युमिनियमचा गंज समजावा. जुने रबरी वायसरही याने फुगतात. यंत्राचे पेट्रोल पंपावरूनच येणार, हे आपल्या हातात नाही. ते महिनोन्महिने टाकीत न ठेवणे मात्र आहे.

तेव्हा आधी टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे, कॉक उघडा आहे हे पाहावे आणि चोक लावून दोरी ओढावी. तरीही उत्तर नसेल तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. कार्बोरेटरची वाटी उतरवून जेट कार्बोरेटर क्लीनरने व हवेच्या झोताने साफ करावे. तारेने खरवडू नये, छिद्र मोठे होते. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी तपासायची वेळ आली. नवा प्लग फार महाग नसतो. जुना तपासत बसण्यापेक्षा नवा बसवून पाहणे स्वस्त पडते. त्याचे अंतर बहुतेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.

नव्या प्लगनेही ठिणगी पडत नाही, तर लगेच कॉइल बदलू नका. हँडलवर दाबून धरायची आडवी दांडी असते. तिची केबल सैल झाली असेल तर इंजिनाला 'बंद राहा' असाच निरोप जात राहतो. घट्ट करायला दोन मिनिटे लागतात. कॉइल बदलून पैसे घेणारे मात्र पाहिले आहेत.

सुरू होते, पण...

दहा मिनिटे छान चालून यंत्र बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर बंद पडताच टाकीचे झाकण सैल करून पाहावे. लगेच सुरू झाले तर झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले आहे. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही.

इंजिनाचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, तेव्हा मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. पुन्हा जेटच. काळा धूर व काळाकुट्ट प्लग म्हणजे हवा कमी. एअर फिल्टर स्पंजाचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ऑईलचे चार थेंब चोळून बसवावा. कागदाचा असेल तर बदलावा. निळसर धूर कायम राहिला तर ऑईल जास्त भरले आहे का ते पाहावे. पातळी बरोबर असूनही धूर येत असेल तर रिंगा झिजल्या.

सर्वांत फसवी तक्रार दगडानंतरची. पाते लपलेल्या दगडावर किंवा पाण्याच्या नळावर आदळते, इंजिन धाडकन थांबते आणि मग सुरू होत नाही किंवा दोरी हाताला उलटा हिसका देते. अनेक इंजिनांत फ्लायव्हीलची चावी मुद्दाम मऊ धातूची ठेवलेली असते. धक्का बसला की ती कातरते, फ्लायव्हील किंचित सरकते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडू लागते. चावी स्वस्त असते. पण आदळल्यानंतर यंत्र सुरू होऊनही हँडल थरथरत असेल, तर पात्याच्या एका टोकाशी घुमटावर खडूची खूण करावी आणि प्लगची टोपी काढून पाते अर्धा फेरा फिरवावे. दुसरे टोक त्याच उंचीवर आले नाही तर पाते वाकले आहे. नव्या सरळ पात्यानेही तसाच फरक दिसला तर शाफ्ट वाकला आहे. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करून देणारे कारागीर भेटतात. त्यांचे ऐकू नये. तो पुढे तुटला तर पाते घुमटाबाहेर येऊ शकते.

बांधलेली दांडी

हँडलवरच्या त्या दांडीविषयी आणखी थोडे सांगावे लागेल. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, मागून चालवायच्या लॉनमोअरला नियमाने असे बंधन आहे, की चालवणाऱ्याने दांडी सोडताच पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. त्या धर्तीची यंत्रे आपल्याकडेही येतात. शहरातील तीन-चार उद्यानांत सकाळी फेरी मारली तेव्हा मात्र दोन यंत्रांवरची दांडी सुतळीने हँडलला कायमची आवळलेली दिसली. कारण विचारले, तर 'हात दुखतो' हे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नाही. सलग तीन तास ती दाबून धरणे त्रासाचेच आहे. पण त्यावरचा उपाय केबलला तेल देणे, परतीची ओढ जास्त असेल तर ती तपासून घेणे आणि माळ्याला अर्ध्या तासाने विश्रांती देणे हा आहे. सुतळी सापडली तर यंत्र चालवण्याआधी कापून टाकावी.

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, इंजिन उरलेले पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालू द्यावे, ऑईल बदलावे आणि प्लगची टोपी काढल्यावर घुमटाखालचे वाळलेले गवत लाकडी पट्टीने खरवडावे. इंजिनावरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून सोसायटीच्या फाईलला लावावे. आमच्याकडे ते आता लावले आहे, कपाटातल्या त्या कार्बोरेटरच्या बिलाशेजारी.