केळापूर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुका. नाव केळापूरचे, पण तहसील कचेरी जवळच्या पांढरकवड्यात. केळापूर गाव जगदंबेच्या देवस्थानासाठी विदर्भात ओळखले जाते. इंग्रजी अमलात हा मुलूख वणी जिल्ह्यात होता. 1905 मध्ये त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो.

राष्ट्रीय महामार्ग 44 वरून जाणाऱ्याला दिसतो तो काळ्या मातीतला कापूस. डोंगराकडे वळले की कोलामांचे पोड लागतात. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तिचा प्रमुख नाईक आणि बसण्या-बोलण्याची जागा चावडी. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती अतिमागास म्हणून नोंदल्या आहेत. शेजारी राहणारे गोंड संख्येने कितीतरी मोठे, तरी रानातल्या देवांच्या पूजेसाठी ते कोलामाला पुजारी म्हणून बोलावत आले. या भूमीशी कोलामांचे नाते किती जुने मानले जाते, हे सांगायला एवढी प्रथा पुरेशी आहे.

कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. घराला ‘एल्ला’, पाण्याला ‘ईर’. तेलुगूतले ‘इल्लु’ आणि ‘नीरु’ आठवावेत. 1955 मध्ये मरे एमेनो यांचे तिच्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याआधी सेतुमाधवराव पगडी यांनीही तिचा अभ्यास केला होता. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 1 लाख 28 हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. तिला स्वतःची लिपी नाही, आठव्या अनुसूचीत स्थान नाही. पेरूमध्ये अँडीज पर्वतातील शेतकऱ्यांच्या केचुआ भाषेला 1975 मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. केचुआ बोलणारे लाखोंनी आहेत, कोलामीमागे तेवढे बळ नाही. म्हणूनच तिला शाळेचा आधार अधिक हवा.

टिपेश्वर अभयारण्य (148.63 चौरस किलोमीटर) याच परिसरात आहे. येथून 2019 मध्ये निघालेला एक पट्टेरी वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.

पांढरकवड्यात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पैनगंगेपलीकडे, अविभाजित आंध्र प्रदेशाने बहुभाषिक शिक्षणाच्या योजनेत कोलामीलाही घेतले होते. अलीकडच्या पोडावरील मुलांचा पहिलीचा धडाही त्यांच्या घरच्या बोलीत असावा, एवढे महाराष्ट्राने करायलाच हवे.