बाबूराव पेंटर : कुंचला, छिन्नी आणि कॅमेरा

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) हे कोल्हापूरचे चित्रकार, शिल्पकार, यंत्रज्ञ आणि चित्रपट-दिग्दर्शक. महाराष्ट्र त्यांना ‘कलामहर्षी’ म्हणून ओळखतो. स्वतःच्या कारखान्यात जुळवलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी मूकपट काढले आणि मराठी चित्रपटाची पहिली मोठी पिढी हाताखाली घडवली.

बाबूरावांचा जन्म कारागिराच्या घरातला. वडील कृष्णराव सुतारकामात आणि मूर्तिकामात वाकबगार होते. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता बाबूराव चित्रकला, कोरीवकाम आणि यंत्रकाम घरच्या कामातूनच शिकले. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. कोल्हापूरचे वातावरणही अनुकूल होते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने संगीत, नाटक, कुस्ती आणि चित्रकला तिथे भरभराटीला आल्या होत्या, आणि आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार त्याच गावात काम करत होता.

हाताने काम करत अनेक कला एकत्र शिकण्याची ही रीत जुनी आहे. पंधराव्या शतकात लिओनार्दो दा व्हिंची फ्लॉरेन्समध्ये वेरोक्किओच्या कार्यशाळेत उमेदवारी करत होता. त्या कार्यशाळेत चित्रे रंगत, पुतळे घडत आणि धातूचे ओतकामही होई. रंग, माती आणि यंत्र ही एकाच कारागिराची कामे मानली जात. कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातली शिकवणही याच जातीची होती. बाबूरावांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या शिकवणीत आहे.

‘पेंटर’ हे आडनाव या दोन भावांना व्यवसायाने दिले. १९१० ते १९१६ या काळात नाटकांचे पडदे रंगवणारे म्हणून आनंदराव आणि बाबूराव पश्चिम भारतात नावाजले गेले. संगीत नाटकाचा तो बहराचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे देखावे मोठ्या कापडावर रंगवून मागे सोडले जात. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करायचा, तर छायाप्रकाश आणि यथादर्शन यांवर हुकमत लागते. ती या दोघांनी पडदे रंगवता रंगवता मिळवली.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि दोघा भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला. त्यावर खेळ दाखवून पैसा उभा करायचा आणि त्याच वेळी यंत्राचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. विलायती कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते, म्हणून तो स्वतःच बनवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. पुढे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला.

हे काम किती नाजूक होते, ते कॅमेऱ्याची रचना पाहिली की कळते. चित्रपटाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. एका चौकटीमागे प्रत्येक कडेला ४ छिद्रे, आणि एक फूट फिल्ममध्ये १६ चौकटी. हँडल फिरले की आतला आकडा छिद्रांत शिरतो, फिल्म बरोबर एक चौकट खाली ओढतो आणि बाहेर निघतो. फिल्म क्षणभर स्थिर राहते तेवढ्यात शटर उघडून तिच्यावर प्रकाश पडतो; ती पुन्हा सरकते तेव्हा शटर मिटलेले असते. मूकपटांच्या काळात सेकंदाला सुमारे सोळा वेळा हे घडावे लागे. आकडा केसभर इकडेतिकडे झाला तर पडद्यावर चित्र थरथरते, पेटीला बारीकशी फट राहिली तर फिल्मवर उजेडाचे डाग पडतात. प्रोजेक्टरमध्येही फिल्म अशीच थांबत थांबत सरकते. फरक इतकाच की तिथे प्रकाश आतून बाहेर जातो. प्रोजेक्टर उलगडून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट या साम्यामुळे खुली झाली. पण मापे अचूक साधायला कसबी हातच हवा होता.

याच सुमारास बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तिच्या भांडवलासाठी कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांचे साहाय्य झाले. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुष नटाने केली होती, ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका भीषण उतरला होता की सरकारी परीक्षकांनी तो काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरवले.

पडदे रंगवण्यात नाव कमावलेल्या बाबूरावांनी चित्रपटातून मात्र रंगवलेला पडदा हद्दपार केला. त्याच्या जागी त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले नेपथ्य उभारले. चित्रण सुरू होण्यापूर्वी ते पात्रांच्या वेशभूषेची, हालचालींची आणि दृश्यांची रेखाटने करत. ‘सिंहगड’ (१९२३) या तानाजी मालुसऱ्यांवरच्या चित्रपटात त्यांनी रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात टिपली. तोवर भारतात चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे त्यांनी केलेले भित्तिपत्रक भारतीय चित्रपटाच्या जुन्यात जुन्या उपलब्ध भित्तिपत्रकांत गणले जाते.

‘सावकारी पाश’ (१९२५) हे या काळातले त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम. ना. ह. आपटे यांच्या कथेवरच्या या चित्रपटात कर्जापायी जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची कथा आहे. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. अंधारलेली झोपडी आणि बाहेर भुंकणारे कुत्रे, एवढ्याच सामग्रीतून बाबूरावांनी त्या घराची दैना दाखवली. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात भारतीय पडद्यावर वास्तववाद आला तो या चित्रपटाने. १९३६ मध्ये बाबूरावांनी हाच विषय बोलपटात पुन्हा मांडला.

शिकवण्याची त्यांची पद्धतही कार्यशाळेचीच होती. कंपनीत आलेल्या माणसाला अभिनय, नेपथ्य, रंगकाम, रसायनशाळा आणि कॅमेरा अशी सगळी कामे करावी लागत. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर याच मुशीतून निघाले. हे चौघे १९२९ मध्ये कंपनी सोडून गेले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. प्रभातच्या पुण्यातल्या वास्तूतच १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

शिष्य गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. बोलपटाच्या आरंभी, १९३१ मध्ये, ती बंद पडली. बाबूरावांनी नंतर ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) त्यांनी शांतारामांसाठी केला. पण मन पुन्हा चित्र-शिल्पांकडे ओढले गेले होते. ‘जलवाहिनी’सारखी तैलचित्रे आणि कोल्हापुरातील शिवछत्रपतींचा पुतळा ही त्यांची कामे प्रसिद्ध आहेत. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे हेही त्यांचेच शिष्य.

१९५४ मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. बाबूरावांचे मोठेपण अनेक कला येण्यात जितके आहे, तितकेच त्या एकमेकींच्या कामी लावण्यात आहे. पडद्यावरच्या रंगकामाने त्यांना प्रकाश शिकवला, मूर्तिकामाने नेपथ्याला खोली दिली आणि मेस्त्रीच्या हाताने कॅमेरा घडवला. हीच दृष्टी त्यांच्या शिष्यांनी पुढे नेली, आणि मराठी चित्रपटाच्या पहिल्या तीन दशकांवर कोल्हापूरच्या या कार्यशाळेचा ठसा उमटला.