जुन्या मोटरसायकलींच्या मीटरची धूसर ‘काच’

मोटरसायकलच्या वेगमापकावरील पारदर्शक आवरणाला गॅरेजमध्ये सर्रास ‘काच’ म्हटले जाते. साठच्या दशकातील बुलेटच्या बाबतीत ते बरोबरही होते. तिच्या गोल मीटरवर खरीखुरी काच असे. पुढील काळात तिची जागा प्लास्टिकने घेतली. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० आणि तिच्या पिढीतील बहुतेक गाड्यांची ‘काच’ प्लास्टिकचीच आहे. नाव मात्र जुनेच राहिले आणि उपायही काचेचेच होत राहिले. धूसर झालेली आवरणे कायमची निकामी होण्यामागे वयापेक्षा हे चुकीचे उपायच अधिक कारणीभूत ठरतात.

नवी मुंबईत या आवरणांची दुहेरी परीक्षा होते. वाशी, नेरूळ, कोपरखैरणेच्या जुन्या वसाहतींत दुचाक्या बहुधा उघड्यावरच उभ्या असतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिकचा वरचा थर पिवळट व ठिसूळ होतो, आणि धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याच्या सवयीमुळे त्यावर असंख्य बारीक ओरखडे उमटतात. पावसाळ्यात खाडीकाठची दमट हवा मीटरच्या झिजलेल्या रबरी रिंगमधून आत शिरते आणि आतून वाफ धरते. पाम बीच मार्गासारख्या वेगवान रस्त्यावर रात्रीच्या वेळी, मीटरमधील मिणमिणत्या बल्बच्या उजेडात काटा दिसेनासा होणे ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही.

या गाड्यांना सरसकट ‘व्हिंटेज’ म्हटले जात असले, तरी २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात जतन केलेले वाहनच त्या वर्गात मोडते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकात बाहेर पडलेली जावा त्यात बसते. आरएक्स १०० ला अजून वाट पाहावी लागेल. मूळ मीटर शाबूत असलेल्या गाडीला शौकिनांमध्ये वेगळाच मान असतो. म्हणूनच धूसर काच दिसताच संपूर्ण मीटर बदलण्याची घाई करू नये.

मीटरच्या आवरणांसाठी मुख्यतः दोन प्रकारचे प्लास्टिक वापरले जाते. अ‍ॅक्रिलिक उन्हात फारसे पिवळे पडत नाही, पण ते लवकर तडकते. पॉलिकार्बोनेट आघात सोसते, मात्र ते मऊ असल्याने चटकन ओरखडते आणि उन्हाने पिवळे होते. केवळ पाहून दोन्हींतील फरक ओळखणे कठीण आहे. त्यामुळे दोघांनाही मारक ठरणाऱ्या वस्तू टाळणे हाच शहाणपणाचा मार्ग. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, स्पिरिट आणि अमोनियायुक्त काच-सफाई द्रव यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. यांतील काहींमुळे केसासारख्या बारीक तड्यांचे जाळे पसरते आणि ते पॉलिशने निघत नाही. डास पळवणारा फवारा मारून प्लास्टिक चकचकीत करण्याची एक युक्ती बरीच लोकप्रिय आहे. त्यातील रसायन प्रत्यक्षात प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते. चार दिवस चमक दिसते आणि नंतर काच पूर्वीपेक्षा अधिक खराब होते.

कामाला हात घालण्यापूर्वी धूसरपणा बाहेरून आहे की आतून, हे ठरवावे. त्यासाठी पाण्याचा एक थेंब पुरतो. काच साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, तिच्यावर थेंब ठेवावा. थेंबाखालचा भाग स्वच्छ दिसू लागला, तर पाण्याने ओरखडे भरून निघाले, म्हणजेच दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष आतल्या बाजूस किंवा प्लास्टिकच्या गाभ्यातच आहे.

बाहेरचा दोष घरीही दूर करता येतो. किरकोळ धूसरपणा प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने आणि मऊ सुती कापडाने जातो. टूथपेस्टनेही थोडा फरक पडतो, पण तिचे कण एकसारखे नसल्याने परिणामाची खात्री नसते. ओरखडे खोल असतील, तर १५०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा. मग २००० आणि शेवटी ३००० क्रमांकाचा घ्यावा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळते. या टप्प्यावर काच दुधाळ दिसते. घाबरण्याचे कारण नाही, पॉलिशनंतर ती नितळ होते. ड्रिलला बफ लावून काम उरकण्याचा मोह मात्र आवरावा. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि फिरत्या बफखाली तेवढी उष्णता क्षणात निर्माण होते.

आतला दोष ही जरा जिकिरीची बाब आहे. अनेक मीटरची धातूची रिंग कडेने वळवून बसवलेली असते. ती उकलताना पत्रा फाटतो, म्हणून हे काम मीटर दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिरानेच करावे. तबकडीवरील छपाई कापडाने पुसू नये. कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याने धूळ उडवावी. काटा आणि किलोमीटरच्या आकड्यांना हात लावू नये. आत तेलकट थर आढळला, तर बहुधा केबलला दिलेले जादा ग्रीस वर चढलेले असते. केबलची वरची काही इंच लांबी कोरडी ठेवल्यास ही तक्रार पुन्हा उद्भवत नाही. नवी रबरी रिंग बसवणे योग्य. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन भरणे नव्हे. त्यातून निघणारे आम्ल धातू गंजवते आणि आत अडकलेली वाफ बाहेर पडू शकत नाही.

घासताना कारखान्यात दिलेला संरक्षक लेपही निघून जातो. त्यामुळे अतिनील किरणांना अटकाव करणारे सीलंट लावून ते अधूनमधून पुन्हा द्यावे, आणि गाडीवर आच्छादन घालावे. लेप नवा असेल, तर आधी काचेच्या कडेला, रिंगखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लावून पाहावा.

आरपार तडा गेला असेल, तर पॉलिशचा उपयोग नाही. सपाट काच असल्यास नामफलक बनवणाऱ्यांकडून त्याच जाडीच्या अ‍ॅक्रिलिक शीटची चकती कापून घेता येते. घुमटाकार काचेसाठी मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील किंवा चोर बाजारातील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत शोध घ्यावा लागतो. सोबत मूळ काच न्यावी. डोळ्यांच्या अंदाजाने घेतलेली काच सहसा रिंगमध्ये बसत नाही.