मोतीबिंदू-शस्त्रक्रिया : इतिहास व रुग्णाची अपेक्षा

मोतीबिंदू-शस्त्रक्रिया : डोळ्याच्या बाहुलीमागील पारदर्शक भिंग गढूळ होऊन दृष्टी मंदावते, त्या विकारास मोतीबिंदू म्हणतात. बहुधा तो वार्धक्याबरोबर येतो. मधुमेह, इजा आणि स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाल वापर यांमुळे तो लवकरही होतो. कोणत्याही थेंबांनी वा पोटात घेण्याच्या औषधाने गढूळ भिंग पुन्हा स्वच्छ होत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय होय. तिच्यापासून रुग्णाने काय अपेक्षावे, याचे उत्तर मात्र प्रत्येक कालखंडात बदलत गेले आहे.

प्राचीन पद्धती : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावरील शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. यवाच्या आकाराच्या टोकाची शलाका डोळ्यात घालून दृष्टीच्या मार्गातील दोष बाजूस सारीत. त्यासाठी फार उष्ण वा फार थंड नसलेला काळ निवडावा, रुग्णाने नंतर उताणे निजावे आणि शिंक, खोकला, थुंकणे टाळावे, असे नियम त्यात दिले आहेत. पुढे गावोगाव फिरणारे लोक हाच प्रकार करीत. गढूळ भिंग डोळ्यातच मागे ढकलले जाई. रुग्णास तत्क्षणी दिसू लागे. पण अस्वच्छ हत्यारांमुळे पू होऊन किंवा डोळ्यातील दाब वाढून पुष्कळांची दृष्टी कायमची जाई. मद्रास येथील नेत्रशल्यचिकित्सक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ मध्ये या पद्धतीवर ग्रंथ लिहून तिचे दुष्परिणाम नोंदविले.

भिंग काढण्याची पद्धती : फ्रेंच शल्यचिकित्सक झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये डोळ्यास छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढले. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखविले आणि शस्त्रक्रियेतील वेदना टळली. तरीही छेद मोठा असे व सूक्ष्म टाके उपलब्ध नव्हते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून व डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णास अनेक दिवस निश्चल निजवीत. भिंग पूर्ण गढूळ होण्यापूर्वी काढल्यास त्याचा चिकट भाग आत उरे. म्हणून मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा सल्ला दिला जाई. भिंग गेलेल्या डोळ्यास सु. +१० क्रमांकाचा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू सु. २५ ते ३०% मोठ्या दिसत, कडेचे नीट दिसत नसे आणि पायरी उतरताना अंदाज चुके. चष्मा फुटला किंवा हरवला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण व्यवहारात आंधळाच राही.

नागपूर व विदर्भ : नागपुरात मेयो रुग्णालय आणि १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी नेत्रचिकित्सेची सोय पुरविली. खेड्यांतील रुग्णांसाठी शिबिरे भरत. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. पट्टीखाली घाम व धूळ यांचा त्रास होई, म्हणून अशा शस्त्रक्रियांसाठी हिवाळा पसंत केला जाई. १९७६ मध्ये अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९४–२००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूविषयक प्रकल्प राबविला गेला. त्यांत महाराष्ट्र होता. या काळात तंबूतील शस्त्रक्रिया मागे पडून ती रुग्णालयात करण्यावर व कृत्रिम भिंग बसविण्यावर भर आला. निःशुल्क नेत्रसेवेसाठी नागपूरचे नेत्रशल्यचिकित्सक विकास महात्मे यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २००६–०८ मध्ये नागपूर परिसरातील खेड्यांत ३० वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची नेत्रतपासणी झाली; तीतही मोतीबिंदू हे दृष्टिमांद्याचे एक प्रमुख कारण आढळले.

कृत्रिम भिंग : युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले ॲक्रिलिकचे कण डोळा सहन करतो, हे हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आले. त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडन येथे पहिले कृत्रिम भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया केली. १९६७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत कंपनांनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धती काढली. तिच्यात २ ते ३ मिमी. छेद पुरतो. यंत्राशिवाय, काहीशा मोठ्या पण आपोआप मिटणाऱ्या छेदातून भिंग काढण्याची पद्धतीही प्रचलित असून ती कमी खर्चाची आहे.

आजची अपेक्षा : प्रथम रक्तदाब व रक्तशर्करा तपासतात आणि डोळ्याची लांबी व स्वच्छमंडलाचा बाक मोजून भिंगाचा क्रमांक ठरवितात. डोळा बधिर केल्यावर रुग्णास प्रकाश व किंचित दाब जाणवतो. गुंतागुंत नसल्यास शस्त्रक्रिया साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. काही दिवस डोळ्यात खुपते व पाणी येते. थेंब चार ते सहा आठवडे घालावे लागतात. डोळा चोळू नये, त्यात पाणी वा धूळ जाऊ देऊ नये आणि शेतीचे जड काम डॉक्टरांच्या संमतीनेच सुरू करावे. साध्या भिंगाने दूरचे स्पष्ट दिसते. वाचण्यास बहुधा चष्मा लागतो. दृक्पटल किंवा दृष्टितंत्रिका आधीच बिघडली असेल, तर दृष्टी त्या प्रमाणातच सुधारते. काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागील पडदा गढूळ झाल्यास ‘मोतीबिंदू परत आला’ असे लोक म्हणतात. हा दोष लेसरने थोड्या मिनिटांत दूर होतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण तो गंभीर असतो. पहिल्या काही दिवसांत वेदना व लाली वाढली किंवा दृष्टी घटली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

‘पिकू द्या’ आणि ‘हिवाळा येऊ द्या’ हे दोन्ही सल्ले जुन्या पद्धतीतून आले होते व त्या काळी सकारण होते. आता शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत होऊ शकते. फार पिकलेले भिंग कठीण होऊन काढण्यास अवघड जाते आणि क्वचित त्यामुळे डोळ्यात दाह व दाबवाढ होऊन दृष्टी कायमची जाते. दैनंदिन कामात अडचण येऊ लागली, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ झाली असे समजावे.