शपथेकडून सन्मानाकडे : अमेरिकेतील परिचर्या सन्मानसंस्था आणि नव्या सदस्यांचे स्वागत

प्रस्तावना

कोणताही व्यवसाय आपल्यातील गुणवंतांचा गौरव कसा करतो, यावरून तो स्वतःकडे कसा पाहतो हे समजते. वैद्यक, विधी, अभियांत्रिकी इत्यादी क्षेत्रांतील विद्वत्संस्था नव्या सदस्यांचे समारंभपूर्वक स्वागत करतात. त्या व्यवसायांची प्रतिष्ठा आधीच प्रस्थापित असल्यामुळे असा समारंभ बहुधा औपचारिक ठरतो. परिचर्येची स्थिती निराळी होती. रुग्णाची शुश्रूषा करण्यासाठी विद्वत्ता लागते, हीच गोष्ट परिचारिकांना दीर्घकाळ पटवून द्यावी लागली. त्यामुळे परिचारिकांनी परिचारिकेचा विद्वान म्हणून केलेला सत्कार हा आरंभी एक दावा होता. तो दावा कोणी केला, कोणाच्या वतीने केला आणि त्यातून कोण वगळले गेले, हे तीन प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहेत. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील सिग्मा थीटा टाऊ (१९२२), काय ईटा फाय (१९३२) आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंग (१९७३) या तीन संस्थांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

शपथेचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील परिचारिका व्यवसायात प्रवेश करीत असे ती शपथ घेऊन. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट येथील फॅरंड प्रशिक्षण विद्यालयात १८९३ साली लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने 'नाइटिंगेल प्रतिज्ञा' तयार झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तिला आदरार्थ देण्यात आले. ती त्यांनी लिहिलेली नव्हे. शुद्ध आचरण, रुग्णाच्या खासगी गोष्टींची गुप्तता आणि वैद्याच्या कामात निष्ठेने साहाय्य ही त्या प्रतिज्ञेची मुख्य अंगे होत. दीपप्रज्वलन आणि शपथग्रहण यांचा हा विधी पुढे जगभर पसरला. महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांतही तो आजवर चालत आला आहे.

या विधीचे नैतिक सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यामागील व्यवस्था लक्षात घेणे आवश्यक आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांची सतराशेहून अधिक प्रशिक्षण विद्यालये होती व त्यांपैकी बहुतेक रुग्णालयांच्या मालकीची होती. कक्षांतील दैनंदिन कामाचा मोठा भार विद्यार्थिनींवर असे. शिक्षण हे त्या श्रमाच्या फटीत बसवले जाई. शिक्षण पूर्ण झालेल्या बहुसंख्य परिचारिकांना रुग्णालयात जागा नसे; त्या घरोघरी खासगी शुश्रूषा करून उपजीविका करीत. अशा व्यवस्थेत नवागत मुलीकडून प्रथम अपेक्षा केली जाई ती आज्ञापालनाची. तिने स्वतंत्रपणे काही शोधावे, लिहावे किंवा तपासून पाहावे, यासाठी तिथे फारसा अवकाश नव्हता.

या स्थितीवर १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने नेमके बोट ठेवले. रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांत संघर्ष झाला की शिक्षणाचाच बळी जातो, हे त्याने दाखवून दिले आणि विद्यापीठीय परिचर्या शिक्षण बळकट करण्याची शिफारस केली. येल विद्यापीठातील परिचर्या विद्यालय त्याच वर्षी, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने सुरू झाले.

सहा विद्यार्थिनींचा उपक्रम

गोल्डमार्क अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९२२ च्या ऑक्टोबर महिन्यात, इंडियानापोलिस येथील इंडियाना विद्यापीठाच्या परिचारिका प्रशिक्षण विद्यालयातील सहा विद्यार्थिनींनी एका सन्मानसंस्थेची स्थापना केली. हे विद्यालय १९१४ मध्ये सुरू झालेले, म्हणजे जेमतेम आठ वर्षांचे होते. डोरोथी गॅरिगस अॅडम्स, एलिझाबेथ रसेल बेलफर्ड, एडिथ मूर कोपलंड, मेरी हिपेन्स्टील लिंगमन, एलिझाबेथ मॅकविल्यम्स मिलर आणि मेरी टोल राइट या त्या सहा जणी. प्रेम, धैर्य आणि सन्मान या अर्थांच्या तीन ग्रीक शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी संस्थेला 'सिग्मा थीटा टाऊ' असे नाव दिले.

ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थिसंस्था अमेरिकेतील विद्यापीठांत पूर्वीपासून होत्या. फाय बीटा कापा ही त्यांतील मान्यवर सन्मानसंस्था तर १७७६ पासूनची आहे. परिचारिका विद्यार्थिनींनी हाच साचा स्वीकारला, यात एक सूचक गोष्ट दडलेली आहे. साहित्य आणि विज्ञान यांच्या विद्यार्थ्यांना ज्या खुणेने गौरवले जाते तीच खूण आपल्यालाही लागू पडते, असे त्या सुचवीत होत्या. शपथेत नवागत परिचारिका वरिष्ठांसमोर उभी राहून निष्ठेचे वचन देई. सन्मानसंस्थेत तिच्या बरोबरीच्या परिचारिका तिची बुद्धी व गुणवत्ता पारखून तिला आपल्यात घेत. स्वागताचा हा बदललेला अर्थ इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

हा गौरव अलंकारापुरता राहिला नाही, याचे प्रमाण १९३६ मध्ये मिळते. त्या वर्षी संस्थेने अॅलिस क्रिस्ट मलोन यांना संशोधनासाठी ६०० डॉलरचे अनुदान दिले. परिचर्येतील संशोधनाला अर्थसाहाय्य देणारी ही अमेरिकेतील पहिली संस्था मानली जाते. रक्कम लहान होती. परंतु महामंदीच्या काळात परिचारिकांनी आपल्या निधीतून एका परिचारिकेच्या जिज्ञासेवर पैसा खर्च करावा, ही घटना लहान नव्हती. 'नर्सिंग रिसर्च' हे संशोधनपर नियतकालिक त्यानंतर सोळा वर्षांनी, १९५२ मध्ये निघाले. सिग्मा थीटा टाऊचे स्वतःचे 'इमेज' हे नियतकालिक १९६७ मध्ये सुरू झाले. आज या संस्थेची सदस्यसंख्या एक लाखाहून अधिक असून तिचे कार्य अमेरिकेबाहेर अनेक देशांत पसरले आहे.

तथापि या सन्मानाला एक उंबरठाही होता. संस्थेचे सदस्यत्व विद्यापीठीय पदवी-अभ्यासक्रमांशी जोडलेले राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य अमेरिकन परिचारिका रुग्णालयीन विद्यालयांतून पदविका घेऊन बाहेर पडत. म्हणजे ज्यांच्या खांद्यांवर रुग्णसेवेचा मुख्य भार होता, त्यांतील बहुतेकींसाठी हे दार उघडत नव्हते. परिचर्येचे शिक्षण उच्चशिक्षण संस्थांतच व्हावे, अशी स्पष्ट भूमिका अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्ये घेतली तेव्हा उसळलेल्या वादामागे ही जुनी दरी होती.

दाराबाहेरच्या परिचारिका

याहून खोल दरी वर्णाची होती. मेरी एलायझा महोनी यांनी १८७९ साली बोस्टन येथील न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन या रुग्णालयाच्या विद्यालयातून शिक्षण पूर्ण केले. प्रशिक्षित व्यावसायिक परिचारिका होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन महिला होत. परंतु गुणवत्ता सिद्ध झाली म्हणजे व्यवसायाची दारे उघडतात, असा अनुभव त्यांच्या पिढीला आला नाही.

या अनुभवातूनच मार्था फ्रँकलिन यांच्या प्रयत्नाने १९०८ मध्ये न्यू यॉर्क येथे कृष्णवर्णीय पदविकाधारक परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढील वर्षी बोस्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनात स्वागतपर भाषण केले ते महोनी यांनी. संघटनेने त्यांना आजीव सदस्यत्व दिले आणि नव्या पदाधिकाऱ्यांना पदग्रहण करविण्याचा मान त्यांच्याकडे सोपवला. ज्यांचे स्वागत करण्यास मुख्य प्रवाह तयार नव्हता, त्यांनी परस्परांचे स्वागत करण्याची स्वतःची रीत निर्माण केली होती.

पुढे १९१६ नंतर अमेरिकन नर्सेस असोसिएशनचे सदस्यत्व राज्यसंघटनांमार्फत मिळू लागले. दक्षिणेकडील अनेक राज्यसंघटना कृष्णवर्णीय परिचारिकांना प्रवेशच देत नसत. त्यामुळे त्या राष्ट्रीय संघटनेपासूनही दुरावल्या. अशा परिस्थितीत १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन येथील फ्रीडमेन्स हॉस्पिटलमध्ये एलीन कॅरिंग्टन इव्हेल यांच्या पुढाकाराने बारा परिचारिकांनी 'काय ईटा फाय' ही संस्था स्थापन केली. सिग्मा थीटा टाऊप्रमाणेच तिनेही ग्रीक अक्षरे धारण केली. परंतु तिच्या सदस्यांना विद्वत्तेबरोबर नागरिकत्वाचाही दावा करावा लागत होता.

हा संघर्ष यशस्वी करण्यात मेबल स्टॉपर्स आणि एस्टेल मॅसी ऑस्बर्न यांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील परिचारिका दलात कृष्णवर्णीयांसाठी अत्यल्प जागांची मर्यादा होती. स्टॉपर्स यांनी तिच्याविरुद्ध चालवलेल्या मोहिमेनंतर १९४५ मध्ये ती रद्द झाली. १९४८ मध्ये राज्यसंघटनेने नाकारलेल्या परिचारिकेला थेट राष्ट्रीय सदस्यत्व घेण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी ऑस्बर्न राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आल्या. आपला हेतू साध्य झाला असे मानून १९०८ च्या संघटनेने १९५१ मध्ये स्वतःचे विसर्जन केले. काय ईटा फाय मात्र आजही कार्यरत आहे. औपचारिक प्रवेश आणि प्रत्यक्ष समानता यांतील अंतर तिच्या संस्थापकांच्या पिढीने पुरेपूर अनुभवले होते.

अकादमीची स्थापना

अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या छत्राखाली १९७३ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंग अस्तित्वात आली. आरंभी ३६ संस्थापक फेलो नेमण्यात आले. सिग्मा थीटा टाऊ विद्यार्थिदशेतील गुणवत्तेला साद घालते, तर अकादमी प्रौढ कर्तृत्वाची पारख करते. उमेदवाराला दोन विद्यमान फेलोंचे पुरस्करण लागते. त्यानंतर संशोधन, शिक्षण, प्रशासन, धोरण वा प्रत्यक्ष सेवा यांतील त्याच्या कार्याचा समाजावर झालेला परिणाम तपासला जातो. निवड झालेल्यांचे स्वागत वार्षिक परिषदेत होते आणि त्यांना नावापुढे 'एफ.ए.ए.एन.' ही अक्षरे लावता येतात. प्रारंभीच्या ३६ जणांच्या तुलनेत अलीकडच्या वर्षांत दरसाल दोनशेहून अधिक नवे फेलो स्वीकारले जात आहेत.

अकादमीच्या इतिहासातील एक बाब येथे विशेष उल्लेखनीय आहे. 'द पाथ वुई ट्रेड' या ग्रंथात कृष्णवर्णीय परिचारिकांचा इतिहास पुढे नोंदवणाऱ्या एम. एलिझाबेथ कार्नेगी या १९७८-७९ मध्ये अकादमीच्या अध्यक्ष होत्या. १९८१ ते १९८३ या काळात व्हर्निस फर्ग्युसन यांनी ते पद भूषवले आणि त्यानंतर त्या सिग्मा थीटा टाऊच्याही अध्यक्ष झाल्या. ज्यांच्या आधीच्या पिढीला दाराबाहेर उभे राहावे लागले, त्यांनीच नव्या सदस्यांच्या स्वागतासाठी व्यासपीठावर उभे राहावे, हे परिवर्तन तीन दशकांत घडले. मात्र त्यामुळे मागील अन्याय आपोआप पुसला गेला नाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने वंशभेदातील आपल्या सहभागाबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती २०२२ मध्ये.

सन्मानाची सार्थकता

सन्मानसंस्था ही परस्परप्रशंसेची मंडळी होण्याचा धोका नेहमीच असतो. विद्यमान सदस्यांच्या पुरस्करणावर प्रवेश अवलंबून असेल, तर ओळखीच्या वर्तुळाबाहेरील गुणी व्यक्ती दुर्लक्षित राहू शकते. अशा संस्थेची कसोटी म्हणून दोन प्रश्न विचारता येतील : दार किती जणांसाठी उघडे आहे, आणि आत आलेल्यांकडून कोणते काम अपेक्षिले जाते?

दुसऱ्या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर १९८३ च्या अभ्यासात सापडते. त्या काळी अमेरिकेत परिचारिकांचा तीव्र तुटवडा होता. परिचारिका नोकरी का सोडतात, असे सर्वत्र विचारले जात असता अकादमीच्या अभ्यासगटाने उलट प्रश्न विचारला : काही रुग्णालयांत त्या टिकून का राहतात? मार्गारेट मॅक्लूर, म्युरिएल पूलिन, मार्गारेट सोव्ही आणि मेबल वॉन्डेल्ट यांनी हा अभ्यास केला. देशभरातील फेलोंनी आपापल्या भागातील रुग्णालयांची नावे सुचवली आणि त्यांतून ४१ रुग्णालये निवडण्यात आली. परिचारिकांना निर्णयाचे स्वातंत्र्य, सक्षम परिचारिका नेतृत्व, पुरेसे मनुष्यबळ आणि डॉक्टरांशी परस्पर आदराचे संबंध ही तेथील समान वैशिष्ट्ये आढळली. चुंबकाप्रमाणे परिचारिकांना खेचून घेणारी म्हणून या रुग्णालयांना 'मॅग्नेट' असे नाव मिळाले. याच पायावर १९९० च्या दशकात रुग्णालयांना मान्यता देणारी योजना उभी राहिली. फेलोंच्या विखुरलेल्या अनुभवाचे संघटित ज्ञानात रूपांतर झाले आणि त्याचा लाभ अकादमीचे नावही न ऐकलेल्या परिचारिकेला व तिच्या रुग्णाला मिळाला.

समारोप

१८९३ च्या प्रतिज्ञेपासून आजच्या वार्षिक समारंभापर्यंतच्या या प्रवासात परिचारिकेच्या स्वागताचा आशय बदलत गेलेला दिसतो. आरंभी तिच्याकडून निष्ठेचे वचन मागितले गेले. पुढे तिच्या बुद्धीला मान्यता मिळाली. त्यानंतर तिच्या कार्याचा समाजावरील परिणाम मोजला जाऊ लागला. हा विकास सरळ रेषेत झाला नाही. १९२२ च्या सहा विद्यार्थिनींनी उघडलेल्या दारातून सर्वांना आत येता आले नाही, म्हणून १९३२ च्या बारा परिचारिकांना आपले स्वतंत्र दार उभारावे लागले. या दोन्ही घटना एकत्र वाचल्याखेरीज सन्मानसंस्थांचा इतिहास पूर्ण होत नाही.

सन्मान हा स्वभावतः निवडक असतो. सर्वांना दिलेला सन्मान, सन्मान राहत नाही. परंतु निवड गुणांवर व्हावी आणि गुण प्रकट करण्याची संधी सर्वांना मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. १९३६ मधील ६०० डॉलर आणि १९८३ मधील ४१ रुग्णालये यांचे मोल त्यांच्या आकड्यांत नाही. आपल्याला मिळालेली मान्यता व्यवसायातील इतरांच्या उपयोगी कशी आणावी, याचे ते दोन नमुने आहेत. नव्या फेलोचे स्वागत करताना दिल्या जाणाऱ्या टाळ्यांचे समर्थन अखेर अशाच कामातून होते.