गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम? टूरिंग सायकलच्या पार्ट्सचा इतिहास

आजचा एपिसोड माझ्या लॅपटॉपवरच्या एका एक्सेल शीटमधून निघालाय. पुण्याहून घाट उतरून कोकणात जायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत, आणि परत घाट चढून वर यायचं. एकट्याने, सगळं सामान सायकलवर लादून. त्यासाठी मी एक सायकल जोडून घेतोय. फ्रेम स्टीलची असणार, एवढं पक्कं. बाकी गिअर, चाकं, ब्रेक, बॉटम ब्रॅकेट, सगळं एकेक करून निवडायचं आहे.

आता मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. एखाद्या जुन्या सिस्टिममध्ये विचित्र काहीतरी दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हे असं कोणी आणि का करून ठेवलं? शीटच्या प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारत गेलो. आणि लक्षात आलं की टूरिंगसाठी म्हणून इंडस्ट्रीने फार कमी बनवलंय. या सायकलचे बहुतेक पार्ट्स दुसऱ्याच कोणासाठी बनले. कधी रेसवाल्यांसाठी, कधी काळ्या सायकलवरून कामाला जाणाऱ्यांसाठी, कधी डोंगरावरून खाली सुसाट सुटणाऱ्या पोरांसाठी. टूरिंगवाल्यांनी त्यातून आपल्या कामाचं उचललं. त्यामुळे पार्ट निवडताना नुसता रिव्ह्यू वाचून भागत नाही. तो कोणासाठी बनला होता हेही बघावं लागतं.

सुरुवात गिअरपासून करू, कारण सगळ्यात मोठं भांडण तिथेच झालं.

फ्रान्समध्ये सेंत-एतिएन नावाचं शहर आहे. तिथे पॉल द व्हिवी नावाचे एक गृहस्थ होते, जन्म १८५३ चा. आधी रेशमाचा व्यापार, मग सायकलचं दुकान, आणि १८८७ पासून स्वतःचं सायकल मासिक. लिहायचे 'वेलोसिओ' या टोपणनावाने. (शाकाहारी होते, हे आपल्या काही मित्रांना ऐकून बरं वाटेल.) शहराबाहेर पडलं की समोर घाट. एकाच गिअरवर तो चढताना माणसाची काय अवस्था होते, हे ते रोज बघत होते. मग त्यांनी पुढे दोन दातेरी चक्रं लावली. घाट आला की उतरायचं, हाताने चेन छोट्या चक्रावर टाकायची, परत बसायचं. पुढे अनेक वर्षं ते अशा वेगवेगळ्या रचना स्वतः चालवून बघत राहिले आणि मासिकात लिहीत राहिले.

दुसऱ्या बाजूला होते आंरी देग्रांज. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू करणारे तेच. त्यांचं मत असं की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, खरा सायकलपटू पायाच्या ताकदीवर जिंकतो. हे त्यांनी १९०२ मध्ये चक्क छापलं होतं. आणि टूरमध्ये डिरेल्यर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. वेलोसिओ १९३० मध्येच गेले होते. म्हणजे साधे फिरायला जाणारे लोक जे आरामात वापरत होते, ते जगातल्या सगळ्यात मोठ्या रेसला अनेक वर्षं नको होतं.

मग रेसर घाटात काय करायचे? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चक्र असायचं, लहान आणि मोठं. चढ आला की उतरायचं, नट सोडायचे, चाक काढून उलटं लावायचं, नट आवळायचे, निघायचं. इटलीतला तुल्लिओ काम्पान्योलो १९२४ च्या एका रेसमध्ये थंडीने बोटं बधिर झाल्यामुळे तो नट सोडवू शकला नाही, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला किती ते सोडा, पण १९३० मध्ये त्याच्या नावावर क्विक रिलीजचं पेटंट आलं. तुमच्या सायकलचं चाक ज्या छोट्या खटक्याने निघतं ना, तो हाच. गंमत बघा, रेसवाले गिअर टाळत होते त्या काळात चाक काढायची सोय सुधारली, आणि आज पंक्चर काढताना तिचा फायदा मला.

आता माझ्यापुढचा प्रश्न. गिअर बदलायचा खटका कुठला? हल्लीच्या सायकलवर एक क्लिक म्हणजे एक गिअर. याला इंडेक्सिंग म्हणतात. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये डिरेल्यरचा एक तिरका चौकोनी सांगाडा काढला, ज्यामुळे चेन प्रत्येक चक्रापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. ते पेटंट १९८४ च्या सुमारास संपलं. त्याच सुमारास शिमानोने तीच भूमिती वापरून आपली क्लिकवाली सिस्टिम आणली आणि बाजार उलटापालटा झाला.

पण क्लिक बरोबर पडायला खटका किती तार ओढतो, डिरेल्यर त्यावर किती सरकतो आणि चक्रांमधलं अंतर किती आहे, या तिन्हींचं गणित जुळावं लागतं. आमच्या भाषेत, टाइट कपलिंग. एक पार्ट बदलला की बाकीचे रुसतात. त्याआधीच्या फ्रिक्शन खटक्यात क्लिकच नसते. तुम्ही हाताने खटका सरकवता आणि चेनचा आवाज ऐकून थांबता. अल्गोरिदम म्हणजे तुम्ही स्वतः. कुठल्याही कंपनीचा डिरेल्यर, कितीही चक्रं, चालतं. मी हँडलच्या टोकाला बसणारे असे खटके बघतोय ज्यांत दोन्ही मोड आहेत. रोज क्लिकवर चालवायचं, आणि आडगावी डिरेल्यर वाकला तर फ्रिक्शनवर टाकून घरी यायचं. शहरात ऑफिसला जायला हा विचार अति आहे, कबूल. पण जिथे पुढचं दुकान एका दिवसाच्या अंतरावर आहे, तिथे नाही.

आणि सगळ्यात हलका गिअर किती हलका? थोडं गणित करू. पुढे २६ दात, मागे ३६. पेडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पाच किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे चालण्याचाच वेग, पण बसून, आणि श्वास शाबूत. घरच्या काळ्या सायकलवर पुढे ४४ आणि मागे १८ धरले तर एका फेऱ्यात साडेपाच मीटर जातात. सामानासकट ती घाटात चढवून बघा, मग वेलोसिओ आठवतील. दुकानात मला सांगितलं गेलं की "एवढा हलका गिअर काय करायचाय, तरुण आहात". मी मनात म्हटलं, देग्रांज अजून जिवंत आहेत.

हे असे मोठ्या पल्ल्याचे गिअर बाजारात आले कुठून? इथे १९७६ हे साल महत्त्वाचं. अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त त्या उन्हाळ्यात चार हजारांहून जास्त लोक 'बाइकसेंटेनिअल' या मोहिमेत सामील झाले. ओरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत, जवळजवळ पावणेसात हजार किलोमीटरचा रस्ता. बरेच जण पूर्ण पल्ला गेले, बाकीचे एखाद्या टप्प्यापुरते. टूरिंगला मागणी आली. शिमानोचं 'डिओर' हे नाव सुरुवातीला टूरिंगच्या पार्ट्सवरच होतं. आणि त्याच वर्षी, त्याच देशात, कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात काही पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावत होती. त्यातून माउंटन बाइक जन्माला आली. १९८२ च्या सुमारास 'डिओर एक्सटी' आला तो माउंटन बाइकसाठी. टूरिंगची लाट ओसरली, नाव आणि हलके गिअर तिकडे गेले. आजही चांगल्या टूरिंग सायकलवर सापडतील ते बरेचसे पार्ट माउंटन बाइकचेच.

त्या पोरांच्या जुन्या सायकलींमुळेच माझ्या शीटमधली सगळ्यात डोकेदुखीची ओळ तयार झाली, ती म्हणजे चाकाचा साइज.

श्विन कंपनीने १९३३ मध्ये अमेरिकेत २६ इंची जाड बलून टायर आणले. मरीनच्या पोरांकडे होती ती हीच चाकं, म्हणून माउंटन बाइक २६ इंची झाली आणि जगभर पसरली. पण '२६ इंच' हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचं ढोबळ नाव आहे. टायर बसतो तो रिमवर, आणि २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिम तीन-चार मापांच्या आहेत. माउंटन बाइकची ५५९ मिलिमीटर. साध्या रोडस्टरच्या '२६ बाय १ पूर्णांक ३/८' ची ५९०. फ्रेंच ६५०बी ची ५८४. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. '२८ इंच' मध्येही तोच घोळ. आपल्या काळ्या सायकलची रिम ६३५, आणि ७००सी ची ६२२. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की पुढच्या पिढ्या कशा रडतात त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात '४७-५५९' असं काहीतरी छापलेलं असतं. फक्त तेच वाचायचं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिम.

यात पुढची गंमत अशी की ६५०बी हा फ्रेंच टूरिंगवाल्यांचा लाडका साइज जवळपास मेला होता, तो माउंटन बाइकवाल्यांनीच '२७.५ इंच' म्हणून परत आणला. आणि त्यांचं '२९ इंच' म्हणजे आपलं ७००सी, तेच ६२२. नवीन नाव, जुनी रिम.

शहरातल्या हायब्रिड सायकलींमुळे ७००सी चा टायर पुण्यात सहज मिळेल. पण तालुक्याच्या ठिकाणी, जिथे पोरांच्या जाड टायरच्या स्वस्त गिअरच्या सायकली दुरुस्तीला येतात, तिथे ५५९ मिळायची शक्यता जास्त. लहान चाक तसंही जास्त मजबूत. त्यामुळे मी ५५९ कडे झुकलोय, मागे-पुढे ३६-३६ स्पोक.

हब मात्र कॅसेटचाच. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसायचं आणि उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहायचं. मागे दहा-पंधरा किलो सामान आणि खड्डे असले की बाहेर आलेला अॅक्सल वाकायचा किंवा तुटायचा. शिमानोने १९७८ मध्ये फ्रीहब आणला, त्यात बेअरिंग बाहेरच्या टोकाला गेलं. हा बदल रेसवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडला असं माझं मत.

आता स्टील. लोक म्हणतात, "स्टील घे, कुठल्याही गावात वेल्डिंग होतं." या समजुतीची जी सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे ती १९१३ च्या टूरची. पिरेनिज पर्वतात तुर्माले घाटावर युजेन क्रिस्तोफचा फोर्क तुटला. सायकल खांद्यावर घेऊन तो काही तास चालत खाली गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम होता. भट्टीचा भाता एका पोराने मारला म्हणून त्याला वर दंडही झाला. (देग्रांजसाहेबांचे नियम, दुसरं काय.)

पण दोन गोष्टी विसरल्या जातात. क्रिस्तोफला लोहारकाम येत होतं. आणि आजची चांगली नळी वेगळी असते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये अशी नळी पेटंट केली जी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. १९३५ मध्ये त्यांचं '५३१' स्टील आलं. अशा नळीची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. गेट जोडणाऱ्या वेल्डरने जाड रॉड लावला तर तिथे भोक पडेल. म्हणून मी गावात वेल्डिंग होईल या आशेवर स्टील घेत नाहीये. स्टील आधी वाकतं, तडा गेला तर बहुतेकदा दिसतो, आवाज येतो, आणि कॅरिअरची तुटलेली पट्टी मात्र खरंच कुठेही जोडून मिळते. मला तेवढं पुरे.

बॉटम ब्रॅकेटसाठी बीएसए आटे. हे नाव ऐकून आपल्याला लहानपणीची बीएसए एसएलआर आठवते, पण मूळ बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ मधली बंदुका बनवणारी कंपनी. तिचे आटे, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४, हेच ब्रिटिश मानक झाले. उजवीकडचे आटे उलटे, म्हणजे पेडल मारताना कप आपोआप सैल होत नाही. इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सुलटे, आणि उजवा कप सुटायची तक्रार जुनी आहे. नव्या दाबून बसवायच्या पद्धतींत कुरकुर हा वेगळा विषय. बंदूकवाल्यांचं मला पटतं.

सीटबद्दल फार बोलत नाही. ब्रुक्सची चामड्याची सीट टूरिंगवाल्यांना देवासमान, कंपनी १८६६ ची. पण कोकणातला पाऊस आणि चामडं, बुरशीची वेगळी टूर निघेल. ब्रेक तारेवर चालणारे डिस्क, कारण तार कुठेही मिळते आणि तेल भरायची भानगड नाही.

हे सगळं ठरवताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, मार्च १९२८ मध्ये परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. टूरमध्ये डिरेल्यर यायला तेव्हा आणखी नऊ वर्षं होती. त्यांना कोणी टायरचा साइज निवडायला एक्सेल शीट दिली नव्हती, आणि मी इथे ५५९ की ६२२ यावर तीन रविवार घालवलेत.

तरीही टायरची ऑर्डर अजून दिलेली नाही. महाड, चिपळूण, राजापूर, मालवण, या भागातलं कोणी ऐकत असेल तर एक काम करा. जवळच्या सायकलवाल्याकडे टांगलेल्या टायरवरचा तो दुसरा आकडा बघा आणि कमेंटमध्ये टाका. ५५९, ५९० की ६२२, एवढंच.